शारदाक्काची टेली

शारदाक्का कुणाचं काही विसरायची नाही, आणि हे मी कौतुकानं सांगत नाही. हुमनाबादच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान आणि तिच्या भावाचा फोटो स्टुडिओ भिंतीला भिंत लावून होते, त्यामुळं तिच्या आठवणीचा ताप मला रोजचा. एकदा तिच्या झंपराची बाही मी जराशी आखूड शिवली. त्यानंतर किती पाऊसकाळ गेले, माझी पोरगी लग्नाला आली, आणि त्या लग्नात पोरीला हळद लावता लावता ही माझ्या कानात म्हणते, "मंगल, ती बाही अजून काचतीय बघ." म्हणाली आणि हसली. हसली की तिचा वरचा एकच दात दिसायचा, बाकी तोंड बंद.

उंच, हाडकुळी, कपाळाला विभूती, पदर कमरेला करकचून खोचलेला. घरात कन्नड, बाजारात मराठी, बांगड्यावाल्या काशिमबीशी दखनी. शिव्या मात्र फक्त मराठीतनं द्यायची. कन्नडात दिली तर देवाला लगेच कळतंय, असं तिचं म्हणणं. स्टुडिओत कुणी पासपोर्ट फोटोला आलं की ती आधी त्याच्याकडं एक डोळा मिटून बघून घ्यायची. मोठमोठ्या मिशावाले त्या नजरेखाली चुळबुळ करायचे. "हनुवटी खाली. अजून. आता ते खोटं हसू पुसा," म्हणायची, आणि माणूस खरंच तोंडावरनं हात फिरवायचा.

भाऊ सिद्रामअण्णा स्वभावानं गरीब. त्यानं तिला कॅमेरा शिकवला तो दया म्हणून, कारण ती टाकलेली होती. तिचा नवरा शिवराज गुलबर्ग्याला सरकारी कारकून, गाव दुबलगुंडीच्या पल्याड. मूलबाळ होईना म्हणून त्यानं एका श्रावणात तिला पंचमीला माहेरी आणून सोडलं आणि न्यायला आलाच नाही. एका दिवाळीला कानावर आलं की त्यानं दुसरी केली. गुपचूप केली, बँड नाही, पत्रिका नाही, फोटो तर नाहीच. सरकारी माणसाचं दुसरं लग्न बाहेर आलं की नोकरी जाते, हे कारकुनाला कुणी शिकवायला लागत नाही.

बैठक बसली ती बसलिंगप्पांच्या तेलाच्या गिरणीच्या ओट्यावर. बसलिंगप्पांना सगळा बाजार नुसतं अप्पा म्हणायचा. समाजात त्यांचा शब्द शेवटचा. अक्काच्या सोबतीला मी बायकांच्या बाजूला बसले होते. शिवराजनं गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला आणि सांगितलं की मी दुसरी केली नाही, हीच भांडून गेली. अक्का उठून म्हणाली, हा खोटं बोलायलाय, हवं तर गावात जाऊन विचारा. तेव्हा अप्पा फार मायेनं बोलले. "पोरी, संशयानं बाईचं डोकं फिरतंय. सिद्राम, हिला सोलापूरला नेऊन डॉक्टरला दाखव."

झालं. त्या दिवसापासून बाजारानं तिचं नाव येडी शारदा ठेवलं. पोरं स्टुडिओच्या दारात येऊन डोळे फिरवून दाखवायची. बायका फोटो काढायला आल्या की लहान लेकराशी बोलावं तसं हळू बोलायच्या. तिच्या हातात कात्री असली की सिद्रामअण्णाच्या बायकोचा जीव खाली-वर. आणि अप्पांना सगळं ठाऊक होतं बरं का. त्या दुसऱ्या लग्नाचा लाडवांचा डबा त्यांच्या घरी पोचला होता. ते मला त्यांच्याच सुनेच्या झंपराचं माप घेताना कळलं. सून भाबडी, सहज बोलून गेली. मी ते अक्काला सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं असं कुणी म्हणेल, पण मला तसं अजूनही वाटत नाही.

अक्का त्या वेळी कुणा पाटलाचं डोकं फोटोतनं गोल कापून काढत होती. कात्री थांबवली नाही. म्हणाली, "नवऱ्याचं सोड, त्यो भाड्या हायच तसला. पण ह्या म्हाताऱ्यानं जाणूनबुजून मला चार माणसांत येडी केलं. त्याच तोंडानं, तसंच चार माणसांत, शारदा खरं बोलली असं म्हणायला लावते का न्हाई बघ."

आता शिवराजच्या गावची रीत सांगायला पाहिजे. त्यांच्या जत्रेत रथ ओढतात, आमच्याकडं त्याला तेर म्हणतात. दिवस बुडता बुडता तेर हलतो, आणि लोक वर कळसावर केळी आणि खारका फेकतात. नवी सून नवऱ्याच्या शेल्याला पदराची गाठ मारून त्याच्याबरोबर तेरावर केळं फेकत नाही, तोवर ती त्या घरची सूनच नाही, असं तिथं मानतात. तिच्या हातचं पाणी देवाला चालत नाही, आणि पहिलं मूल होईस्तोवर हे दर जत्रेला करायचं. शिवराज सरकारला फसवील, बैठकीला फसवील, पण त्याची आई असली गोष्ट देवाशी करू द्यायची नाही, हे अक्काला पक्कं ठाऊक. ती स्वतः त्या म्हातारीच्या हाताखाली राबलेली. "या वर्षी न्हाईतर पुढच्या वर्षी, गाठ मारून उभं राहणार म्हणजे राहणारच," ती म्हणाली. गाव बघणार होतं, पण गाव कधी साक्ष देतंय का? साक्षीला फोटोच पाहिजे होता. आणि अक्का जवळ दिसली तर शिवराज गाठ सोडून पळणार. म्हणजे फोटो लांबनं काढायला पाहिजे.

तिथनं ते लेन्सचं वेड सुरू झालं. आमच्याकडं लग्नाच्या फोटोला साधी लेन्स पुरते. लांबचं जवळ आणणारी लेन्स, जिला ती टेली म्हणायची, बाजारात कुणाकडंच नव्हती. मला हैदराबादला लेस आणि अस्तराचं कापड आणायला जायचं होतं, तर ही बरोबर आली. गल्लीतलं जुनं दुकान, मालक पांढऱ्या दाढीचा, काचा पुसत बसलेला. त्यानं विचारलं, "क्या खींचना हय अम्मा? शादी या चिडिया?"

"आदमी," अक्का म्हणाली.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी कापडाच्या पिशवीत डोकं घातलं.

त्यानं सुचवल्या त्या दोन-तीन लेन्समधनं हिनं सगळ्यात लांबची उचलली. वजनाला हलकी, किमतीला बेताची, आणि तीनशे मिलिमीटरपर्यंत जाणारी. जितकी लांब तितकी चांगली, असा तिचा हिशोब. म्हातारा काहीतरी उजेडाबद्दल सांगत होता, ते हिनं कानाआड केलं. परत आल्यावर महिनाभर स्टुडिओच्या गच्चीवरनं तिची तालीम चालायची. बस स्टँडवरच्या बायांच्या कानातली फुलं, कंडक्टरच्या खिशातलं पेन, शेळीच्या गळ्यातली घंटी, सगळं तिला दिसायला लागलं. मला खाली येऊन सांगायची, तुझं ते गिऱ्हाईक उधारी बुडवून तिकडं पेढे खायलंय. बाजारात कुणाचं काय चाललंय याची तिला बित्तंबातमी, आणि लोकांना वाटायचं की येडी पाखरं बघायलीय.

जत्रेच्या दिवशी आम्ही दोघी गावाबाहेरच्या माळावर कडब्याच्या गंजीआड बसलो. अंगाला कुसं टोचत होती. तेर हलला तेव्हा सूर्य गंजीच्याही खाली गेला होता, वरनं हजार पायांची धूळ. अक्कानं सगळा रोल संपवला. त्या वर्षी गाठ मारून ते उभे होते, तिला काचेतनं दिसले, मला नुसत्या डोळ्यांनी मुंग्यांएवढी माणसं. गुलबर्ग्याच्या लॅबमधनं फोटो धुऊन आले, तर कळस तेवढा ओळखू यायचा, बाकी सगळी भुतं. शिवराज म्हणून जो होता त्याला डोळे-नाक काही नाही, नुसता पांढरा फराटा.

मी म्हणाले, जाऊ दे अक्का, देवाच्याच मनात नाही. ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. मग एक दिवस झंपर उसवायला घेऊन आली आणि म्हणाली, "हैदराबादला कधी जायलीस?"

या खेपेला तिनं म्हाताऱ्याचं नीट ऐकून घेतलं. सांजवेळेला लांब जाणाऱ्या त्या हलक्या लेन्सचं तोंड लहान, तिच्यात उजेड शिरत नाही, मग शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं, आणि तेवढ्यात माणूसही हलतो नि हातही. त्यानं आतनं दुसरी काढली. जाडजूड, वरवंट्याएवढी वजनदार, तोंड पेल्याएवढं रुंद. संध्याकाळीसुद्धा चित्र गोठवील, पण जाते दोनशेपर्यंतच. अक्कानं विचारलं, हिला लांब करायचं काही मिळतं का. मिळतं, तो म्हणाला, मधे एक नळकांडं बसवायचं, पण मग उजेड परत तेवढाच. तिनं दोन्ही लेन्सा आलटून पालटून दारात नेऊन रस्त्यावर लावून बघितल्या. दुकानदाराचं जेवण राहिलं. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "दूर का होना तो उजाला छोडो. उजाला होना तो नजदीक जाव, अम्मा."

अक्कानं दोन्ही लेन्सा त्याच्यासमोर ठेवल्या. मग माझ्याकडं वळून मराठीत म्हणाली, "म्या भिऊन लांब बसले, मंगल. त्यो मला बघंल म्हणून भ्याले. त्यानं भ्यावं का म्या?" आणि जाड लेन्स घेतली. तिच्यासाठी हातातल्या पाटल्या मोडल्या. पाटल्या सासरच्या होत्या, म्हणून तिला फार आनंद झाला. त्याच्याच सोन्यानं त्याचा फोटो, असं बसमधे मला दोनदा म्हणाली.

आता जवळ जायचं म्हणजे कुठं? काशिमबीचं माहेर त्याच गावचं, तेराच्या वाटेवरच माडी. काशिमबीचा स्वतःचाही शिवराजवर राग होता, कारण त्याच्या आईनं दुसऱ्या सुनेचा चुडा तिच्याकडनं न भरता गुलबर्ग्याहून आणला होता. पिढ्यान्‌पिढ्या त्या घराला बांगड्या काशिमबीच्या माहेरच्याच. असले राग आमच्याकडं सहज मरत नाहीत. माडीच्या खिडकीला तिनं गोणपाट लावलं, त्याला एक भोक पाडलं, खाली भुश्शाची उशी ठेवली लेन्स टेकवायला. पुढच्या जत्रेच्या दिवशी अक्का सकाळपासनं तिथं बसली. पाणी प्यायली नाही, उठावं लागेल म्हणून.

दिवस बुडायला आला आणि वाजंत्री लागली. तेर खिडकीसमोरनं डोलत निघाला. पुढं शिवराजची आई, माणसं ढकलत, वाट करत. मागं शिवराज, रेशमी धोतर, शेल्याला गाठ, आणि गाठीच्या दुसऱ्या टोकाला ती पोरगी, हातात केळं घेऊन. मी शेजारच्या फटीतनं बघत होते. अक्का डोळा लावून रिंग फिरवत होती आणि पुटपुटत होती.

"केस गेलेत की रे तुझे. बरं झालं." मग थोड्या वेळानं, "तिला हिरवा चुडा भरलाय गं." तिचा आवाज तेव्हा फाटला. मी खांद्यावर हात ठेवला, तर झटकला, "हलवू नको." आणि मग कॅमेरा कटाकट वाजायला लागला.

फोटो असा आला की काय सांगू. गाठ, चुडा, शिवराजच्या कपाळावरची विभूती, आईचा वर केलेला हात, मागं कळस. केळं पोरीच्या बोटांतनं नुकतं सुटलेलं. अक्का तो घेऊन आधी अप्पांकडं गेली. अप्पांनी चष्मा लावला, बघितलं, आणि परत दिला. "जत्रेत कोण कुणाच्या शेजारी उभं राहतंय. जा पोरी, औषध चालू हाय न्हवं?"

मग तिनं शिवराजच्या ऑफिसात अर्ज केला, फोटो जोडून. शिवराजनं लिहून दिलं की ती माझी मामेबहीण, तिचा नवरा गर्दीत चुकला होता. चौकशी रेंगाळली. साहेब बदलला, नवा आला. तिकडं अप्पांचा एक माणूस जाऊन आल्याचंही कानावर आलं. आता हे असंच विरणार, असं मला वाटायला लागलं.

तेवढ्यात एक दिवस स्टुडिओच्या दारात शिवराजची आई. मी शिलाई सोडून पडद्याआड जाऊन उभी राहिले. मला वाटलं, आता केस ओढणार दोघी एकमेकींचे. पण म्हातारी खाली मान घालून म्हणाली, तुझ्याकडं जत्रेचा फोटो हाय म्हणत्यात. पोरानं लग्नात फोटो काढू दिला न्हाई, घरात पोराचा जोडीचा एक फोटो न्हाई. एकच दे. त्याला सांगू नको. फोटोनं बाहेर काय चाललंय हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. घरातली कर्ती माणसं बायकांना कुठं काय सांगतात.

अक्कानं तिला खुर्ची दिली. चहा मागवला. दोन दिवसांनी यायला सांगितलं, आणि तो फोटो हातभर मोठा करून, काच लावून, सोनेरी पट्टीची चौकट करून दिला. पैसे घेतले नाहीत. "घरचंच हाय," म्हणाली. वर पूर्वीसारखी सासूला हाक मारून सांगितलं, "चांगला दर्शनी लावा, अत्ते. आल्यागेल्याला दिसू द्या." म्हातारी तिच्या गालावरनं हात फिरवून, आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडून गेली. मला तेव्हाही काही उमगलं नाही, इतकी मी बावळट. मला वाटलं अक्काचं मन वितळलं.

चौकशीची माणसं न कळवता त्या घरी पोचली. मुलगा गुलबर्ग्यालाच होता, घरी आला नव्हता; त्यानं म्हातारीला निरोप धाडून पढवून ठेवलं होतं, कुणी आलं तर काय सांगायचं ते. तिनं शिकवल्यासारखं सगळं सांगितलं. पहिली भांडून गेली, पोरगा एकटाच हाय, स्वयंपाकाला भाची येते. बोलली ती भिंतीला टेकून, आणि डोक्यावर चौकट, चौकटीला ताजा हार, खाली हळदीकुंकू. साहेब चहा पूर्ण प्यायला म्हणे.

शिवराजची नोकरी गेली. पुण्याकडं कुठल्या तरी कारखान्याच्या गेटवर शिटी घेऊन उभा राहिला. बाजार अक्काकडं येडी म्हणून बघायचा थांबला आणि मानानं वळून बघायला लागला. मी एकदा विचारलं, त्या पोरीचं काय गं, तिनं काय केलं होतं? अक्का म्हणाली, "तिचं तिनं बघावं. माझं कोण बघितलं?" मला ते आवडलं नाही. तिला तसं सांगितलंसुद्धा. ती म्हणाली, नको आवडू दे. आणि खरं सांगते, तिला समाधान झालेलं दिसत नव्हतं. नवरा आडवा केला, पण तो तिचा खरा नेमच नव्हता.

अप्पांनी मधल्या काळात हायवेला दोन मजली बंगला बांधला. वास्तुशांतीला सोलापूर, लातूर, गुलबर्गा, सगळीकडनं गोतावळा आला. मठाचे स्वामीसुद्धा आले. फोटोला अप्पांनी मुद्दाम शारदाक्काला बोलावलं. झालं गेलं मिटलं, असं लोकांना दिसावं म्हणून. तोवर तालुक्यात तिच्याएवढं नाव दुसऱ्या फोटोवाल्याला नव्हतं, हेही होतंच. घरच्या सगळ्या बायकांचे झंपर माझ्या हातचे, म्हणून मी निऱ्या नीट करायला पायऱ्यांपाशीच होते.

पायऱ्यांवर पाच-पन्नास माणसं बसली. मधे स्वामी, त्यांच्या उजव्या हाताला अप्पा, मांडीवर पणतू. अक्का आली, खांद्यावर ती जाड लेन्स. सगळ्यांकडं एक डोळा मिटून बघितलं. आणि मागं सरायला लागली. अंगण ओलांडलं, फाटक ओलांडलं, हायवे ओलांडला, आणि पलीकडच्या शेताच्या बांधावर जाऊन स्टँड रोवला. अप्पांच्या मुलानं ओरडून विचारलं, इतकं लांब कामून? "बंगला मोठा हाय," तिकडनं उत्तर आलं.

तिनं डोळा लावला आणि हात वर केला. सगळे ताठ झाले. हात वरच राहिला. ऊन डोक्यावर, रेशमी लुगडी, पणतू रडायला लागला, कुणीतरी त्याच्या तोंडात साखर घातली. जेवणाऱ्या पंगतीतली माणसं हात न धुताच बाहेर येऊन उभी राहिली. मग बांधावरनं अक्काचा आवाज आला. "अप्पा, तेवढं म्हणून टाका की."

अप्पांनी काय म्हणू असं विचारलं नाही. त्यावरनं मला कळलं की त्यांनाही सगळी वर्षं ते आठवत होतं. त्यांना उठायचं होतं, पण स्वामी बसलेत तोवर उठता येईना. ते पुटपुटले.

"ऐकू येईना, अप्पा."

सोलापूरची सून विचारायला लागली, काय म्हणायचंय, कुणाला म्हणायचंय. स्वामींनी मान न वळवता, फोटोसाठी धरलेलं हसू तसंच ठेवून, हळूच सांगितलं, "म्हणा, अप्पा. लोक उन्हात हायत."

अप्पांच्या मानेच्या शिरा टरारल्या. त्यांनी रस्त्यापलीकडं बघून सगळ्या ताकदीनं ओरडून सांगितलं, "शारदा खरं बोलली होती. म्या खोटं बोललो."

पायऱ्यांवर कुणी हललं नाही. माझ्या हातातली निरी सुटली. माझे डोळे भरून आले आणि मी बटण वाजायची वाट बघत राहिले. ते वाजलं नाही. अक्कानं लेन्सवरनं डोळा काढला नाही, हात तसाच वर ठेवला.

"ट्रक आडवा आला, अप्पा. पुन्हा एकदा."

रस्ता दोन्ही बाजूंनी रिकामा होता. अप्पांनी पुन्हा म्हटलं.